खारपाणपट्ट्यात समुद्र : सहा फुटी रीफ टँकची तयारी, बांधणी आणि पुढचं सगळं

खारपाणातली · 3 नोव्हेंबर, रात्री 9.15

नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. 31 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, मे महिन्यात निवृत्त झाले. सातवीत असताना, 1979 साली, सहलीत मुंबईला मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. बाकीची मुलं पुढे गेली आणि मी एका काचेसमोर उभी राहिले, बाईंनी हाताला धरून ओढत नेलं. त्या काचेमागचं निळं पाणी इतकी वर्षं डोक्यात राहिलंय. आता हातात वेळ आहे आणि थोडे पैसेही बाजूला काढलेत, तर घरी खाऱ्या पाण्याचा मोठा टँक करायचा पक्का विचार आहे.

आमच्या गावाच्या नावात नसला तरी तालुक्याच्या नावात दर्या आहे. खरा दर्या मात्र रस्त्याने सहाशे किलोमीटर.

माप ठरवलंय 6 फूट × 2 फूट × 2 फूट, म्हणजे 180 × 60 × 60 सेंमी. गणिताने 648 लिटर, दगड-वाळू धरून पाणी साधारण 600. खाली 150 लिटरचा संप, म्हणजे फिल्टर आणि पंपाची टाकी. गोड्या पाण्याचे टँक मी वीस वर्षं शाळेत सांभाळलेत, पण खारं पाणी पहिल्यांदाच.

मला अडलेल्या गोष्टी अशा. आमचं पाणी खारपाणाचं, विहिरीचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) माझ्या मीटरवर 2,400. उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे. वीज जाते ती सांगून जात नाही. घराखाली काळी माती, जी उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. गावात सगळे विचारतात, आपली विहीर खारीच आहे, मग मीठ विकत कशाला? त्याचं उत्तर मला देता येतं, बाकीच्यांची येत नाहीत. जाणकारांनी हातचं राखून न ठेवता लिहावं.

रीफ_ठाणे · 3 नोव्हेंबर, रात्री 10.02

ताई, स्वागत. अकरा वर्षं रीफ टँक, म्हणजे प्रवाळ-माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक ठेवतोय. माप मोठं घेतलंत हे चांगलं केलंत. नवख्याला छोटा टँक घ्या म्हणतात, पण खाऱ्या पाण्यात उलटं असतं. पाणी जितकं जास्त तितके त्यातले बदल सावकाश होतात, आणि चूक सुधारायला वेळ मिळतो.

विहिरीच्या पाण्याचं उत्तर आधी तुम्हीच लिहा, इथे वाचणाऱ्या पुष्कळांना उपयोगी पडेल.

खारपाणातली · 3 नोव्हेंबर, रात्री 10.40

लिहिते. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, आमच्या विहिरीत अडीच ग्रॅमसुद्धा नाहीत. जीभेला दोन्ही खारट लागतात, एवढंच साम्य. दुसरं म्हणजे प्रमाण. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून 85 टक्क्यांच्या आसपास, उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. कॅल्शियम लिटरला 400 मिलिग्रॅमच्या थोडं वर, मॅग्नेशियम 1,300 च्या जवळ. पूर्णेच्या खोऱ्यातलं खारपाण वेगळ्याच मेळाचं, वर शेतातलं नायट्रेट त्यात उतरलेलं. म्हणून ते पाणी चालत नाही, आणि किराणा दुकानातलं आयोडीनचं मीठही चालत नाही. आधी पाणी पूर्ण कोरं करायचं, टीडीएस शून्यावर आणायचा, मग त्यात समुद्री मिश्रणाचं मीठ विरघळवायचं.

माझी अडचण कोरं करण्याची आहे. आरओ 97 टक्के क्षार अडवतो असं धरलं तरी 2,400 चे 70 उरतात. पुढची डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे मणी) महिन्याभरात संपेल आणि सांडपाणी बादल्यांनी वाहील. पाण्याला किंमत असलेल्या गावात मला ते करवणार नाही.

म्हणून पावसाचं पाणी. या पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी दोन-दोन हजार लिटरच्या दोन टाक्यांत भरून, काळं झाकण लावून ठेवलंय. छत 60 चौरस मीटर आहे, 10 मिमी पाऊस पडला की 600 लिटर उतरतं. पहिल्या दोन सरींचं पाणी सोडून दिलं. टीडीएस 18.

रीफ_ठाणे · 4 नोव्हेंबर, सकाळी 7.20

18 वाचून मुंबईत बसून हेवा वाटला. पण थांबा, पत्रा कसला आहे? जस्ताचा मुलामा असलेला असेल तर पावसाचं थोडं आम्लधर्मी पाणी जस्त सोबत आणतं. माणसाला काही होणार नाही, कोळंबी आणि प्रवाळाला होईल. टीडीएस मीटर 18 दाखवतो, त्या 18 मध्ये काय आहे ते दाखवत नाही. तेव्हा पावसाचं पाणीही आरओ आणि डीआयमधून काढाच. 18 च्या पाण्यावर रेझिन तुम्हाला वर्षभर पुरेल आणि सांडपाणी भांडी धुवायला वापरता येईल.

खारपाणातली · 4 नोव्हेंबर, सकाळी 8.05

पत्रा जस्ताचाच आहे. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मनापासून आभार.

वरूडची_संत्री · 4 नोव्हेंबर, दुपारी 1.30

ताई, मी वरूडचा. आमच्या इकडं संत्र्याच्या खोडाले बोर्डो पेस्ट लावते, म्हणजे मोरचूद अन् चुना. मोरचूद म्हणजे तांबंच न. तुमच्या कोळंबीले तांबं चालत नाही म्हणते, तर ज्या बादलीत मोरचूद भिजवलं थे बादली टँकच्या आसपास येऊ देऊ नका, धुतली तरी नाही. आमच्याकडं फवारणीचा ड्रम अन् पाण्याचा ड्रम एकच असते. निळा ड्रम घ्यान तर नवाच घ्या, जुन्याच्या भानगडीत पडू नका.

खारपाणातली · 4 नोव्हेंबर, दुपारी 2.10

भाऊ, हे फार मोलाचं सांगितलंत. नवाच घेते.

अकोल्याचा_काचवाला · 5 नोव्हेंबर, रात्री 8.45

मी टँक बनवतो, बहुतेक गोड्या पाण्याचे. तुमच्या मापाला 12 मिमी काच चालते असं पुष्कळ सांगतील. वरून चारी बाजूंनी काचेच्या पट्ट्यांचा कडा दिला तर चालतेही. मी 15 मिमी सांगीन. पूर्ण भरल्यावर पुढच्या एका काचेवर पाण्याचा एकूण जोर सव्वातीनशे किलोच्या आसपास येतो आणि तो कायम राहतो. 15 मिमीमध्ये नुसती काच 150 किलो भरेल, चार माणसं लागतील उचलायला. सिलिकॉन बुरशीनाशक न घातलेलंच घ्या, बाथरूमचं घेऊ नका. जोड दिल्यावर आठ दिवस पाण्याचा थेंब लावायचा नाही.

आता वजन. काच, पाणी, दगड, वाळू, स्टँड, संप मिळून एक टनाच्या वर जातं. काळ्या मातीवरची फरशी हे वजन सरळ पेलणार नाही. एक कोपरा 4 मिमी खाली गेला तरी काचेला पीळ पडतो. जोड सुटले नाहीत तर काच तडकते. हे मी एका घरी पाहिलंय, रात्री दोन वाजता, आणि परत पाहायची इच्छा नाही.

खारपाणातली · 22 डिसेंबर, सायंकाळी 6.30

महिनाभर काही लिहिलं नाही कारण खोदत होतो.

जागा ठरली. आमच्या जुन्या घराचं माजघर, मातीच्या दोन फुटी भिंती आणि वर धाबं. नवीन स्लॅबच्या खोलीत ठेवा म्हणून मुलगा मागे लागला होता. मे महिन्यात दुपारी तीन वाजता दोन्हीकडे थर्मामीटर ठेवल्याच्या माझ्या नोंदी होत्या, स्लॅबखाली 39, धाब्याखाली 33. सहा अंशांचा फरक आजोबांनी फुकट देऊन ठेवलाय, तो मी सोडणार नव्हते.

शेतातल्या घराचाही विचार झाला होता, मोकळी जागा आहे. पण तिथली लाइन शेती फीडरची, दिवसातून आठ तास. गावातलं घर गावठाण फीडरवर आहे. तेवढ्यावर तो विचार संपला.

फरशी उकरून 8 फूट × 4 फूट जागेत साडेतीन फूट काळी माती काढली. मुरूम इथे खोलवर लागतच नाही, पूर्णेचा गाळ आहे सगळा. म्हणून बाहेरून मुरूम आणून सहा-सहा इंचांचे थर दिले, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसला. धुमस चालवायला शेजारचे दोघे काका आले, दोघांचीही सत्तरी उलटलेली. यांत्रिक कॉम्पॅक्टर भाड्याने मिळत होता, त्यांनी आणू दिला नाही. वर सहा इंची आरसीसी, भिंतीपासून चार बोटं सुटी, म्हणजे भिंत हलली तरी हिला झळ नाही. 21 दिवस पाणी मारलं.

एक काळजी आहे. खाऱ्या पाण्याचे तुषार उडून मातीच्या भिंतीला लोणा लागेल का?

रीफ_ठाणे · 22 डिसेंबर, रात्री 9.00

लागेल. मीठ जिथे ओलावा तिथे चढत जातं. टँकमागे भिंतीपासून फूटभर अंतर सोडा आणि मध्ये पीव्हीसीचा पत्रा उभा करा. लाकडी आढ्यांची काळजी करा, मिठाची नाही, वाफेची. खोलीला एक्झॉस्ट पंखा हवाच.

वायरमन_यवतमाळ · 23 डिसेंबर, सकाळी 11.15

ताई, वीज मी सांगतो. पहिली गोष्ट, या खोलीसाठी वेगळी लाइन, त्यावर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग. खारं पाणी म्हणजे तांब्याच्या तारेचा भाऊ. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोका देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोक्याच्या तळाशी टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. बोर्ड टँकच्या वर नको, बाजूला.

दुसरी गोष्ट सोलरची, कारण तुम्ही त्याच विचारात असाल. छतावरच्या सोलरला केंद्राच्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 अनुदान आहे. बिलासाठी उत्तम. पण हे ऑनग्रिड सोलर लाइन गेली की स्वतःही बंद पडतं, ऊन कितीही असो. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून तसंच बनवलेलं असतं. पुष्कळ लोकांना हे पॅनल बसवल्यावर कळतं. तुम्हाला बॅटरी वेगळी लागणारच.

खारपाणातली · 23 डिसेंबर, दुपारी 12.00

मला हे खरंच माहीत नव्हतं. मी पॅनलवर विसंबून बॅटरी छोटी घेणार होते. माझा हिशेब तपासाल का? संपमधलं पाणी वर टँकमध्ये चढवणारा रिटर्न पंप 50 वॉट, लाटा करणारे दोन पंप 20-20 वॉट, मिळून 90. 150 एएचची एक बॅटरी, 12 व्होल्ट.

वायरमन_यवतमाळ · 23 डिसेंबर, दुपारी 12.25

कागदावर 1,800 वॉट-तास. इन्व्हर्टरचा तोटा आणि बॅटरी पूर्ण न रिकामी करणं धरून 1,200 वापरता येतील. तेरा तास. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) आणि दिवे यावर टाकू नका.

मऊशार_कोरल · 2 जानेवारी, रात्री 11.10

धागा वाचतोय. फक्त मासे ठेवणार की कोरलही? मुंबईच्या बाजारात दगडी कोरलचे तुकडे मिळतात, कुणी विचारत नाही. सगळेच ठेवतात.

मालवणची_डुबकी · 3 जानेवारी, सकाळी 6.50

मी मालवणला डायव्हिंग शिकवतो. या प्रतिसादाला उत्तर द्यायलाच हवं.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये सगळी दगडी प्रवाळं आहेत. काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल, समुद्रपंखे, समुद्रघोडे हेही त्यातच. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच अनुसूचीत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. कुणी विचारत नाही म्हणून ते कायदेशीर होत नाही.

कायदा बाजूला ठेवून सांगतो. मी दर मोसमात त्याच खडकांवर उतरतो. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त काही आठवडे राहिलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. 2024 च्या एप्रिलमध्ये जगातली चौथी मोठी विरंजनाची लाट जाहीर झाली. जे उरलंय त्यातलं छिन्नीने तोडून कुणाच्या दिवाणखान्यात जाताना पाहिलं की पोटात तुटतं.

खारपाणातली · 3 जानेवारी, सकाळी 9.30

डुबकी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझा निर्णय लिहून ठेवते, म्हणजे पुढे मोह झाला तर इथलाच कुणीतरी आठवण करून देईल. दगडी प्रवाळ नाही. समुद्रातून काढलेला दगड नाही. समुद्रघोडा नाही. मासे टाकीत जन्मलेले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिश आणि डॅमसेलच्या बीजोत्पादनाचं तंत्र बसवलंय, तेव्हा आपल्याच देशात वाढलेली क्लाउनफिश मिळते. मऊ प्रवाळापैकी मशरूम किंवा लेदर आणलंच तर बिल आणि आयातीचे कागद पाहून.

दगड मी स्वतः घडवणार आहे. सिमेंट, जाडं मीठ आणि ठेचलेल्या शिंपल्यांचा चुरा. मीठ पाण्यात विरघळून गेलं की त्या जागी पोकळ्या राहतात, तिथेच पुढे जिवाणू वसतात. सिमेंटमुळे पाण्याचा पीएच फार चढतो, म्हणून काही आठवडे पाणी बदलत भिजवत ठेवायचं. पायाला वणीकडचा चुनखडक टाकला तर वजन खाली राहील.

मालवणची_डुबकी · 3 जानेवारी, सकाळी 9.55

ताई, कधी मालवणला आलात तर पाण्यात मी घेऊन जाईन. पोहता आलं पाहिजे असं नाही.

खारपाणातली · 16 मार्च, रात्री 8.20

पाणी भरलं!

टँक अकोल्याहून टेम्पोत आला, चौघांनी नाही, सहा जणांनी उतरवला. आधी साध्या पाण्याने भरून आठ दिवस ठेवला, रोज चारी कोपऱ्यांना लेव्हल लावली. एक मिमीही हलला नाही. धुमसवाल्या काकांना बोलावून दाखवलं.

मग नव्या निळ्या ड्रममध्ये थोडं थोडं करून 750 लिटर पाणी तयार केलं. मीठ 27 किलो लागलं. पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर कॅल्शियम खाली बसून पाणी दुधाळ होतं. रात्रभर पंप फिरवून सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं साधन) 35, समुद्राइतकंच.

आता जिवाणू. शिकवताना नायट्रोजन चक्र (जिवाणू विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करतात ते) मी फळ्यावर किती वेळा काढलं असेल. या वेळी ते माझ्या घरात व्हायचं होतं. कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तो भेसळीचा नको म्हणून प्रयोगशाळेतला शुद्ध आणला. 750 लिटरमध्ये 2 पीपीएम अमोनियासाठी पावणेपाच ग्रॅम, काट्यावर मोजून. सोबत जिवाणूंची बाटली. सहाव्या दिवशी नायट्राइटची परीक्षानळी जांभळी झाली. मी ती खिडकीशी धरून उभी राहिले आणि सुनेला हाक मारली. आज चौतिसावा दिवस. काल टाकलेला अमोनिया आज शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 20.

दगडांवर तपकिरी साय आलीय. ती डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाची, जाईल आपोआप.

रीफ_ठाणे · 16 मार्च, रात्री 9.05

जाईल, पुसत बसू नका. 20 चं नायट्रेट 10 च्या खाली आणा, 400 लिटर पाणी बदला, मग मासे. आणि पहिल्या महिन्यात दोनच.

खारपाणातली · 2 एप्रिल, सकाळी 10.10

दोन क्लाउनफिश आल्या. मुंबईहून रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसने थर्माकोलच्या खोक्यात, भाचा सोबत होता. बडनेऱ्याला सकाळी उतरून तिथून गाडीने. पिशवीतलं पाणी 29 अंश होतं, टँक 26. पिशवी तरंगत ठेवली, मग बारीक नळीने थेंब-थेंब टँकचं पाणी तासभर सोडलं.

मोठी अडीच इंचांची, दुसरी तिच्या अर्धी. या जन्मतः सगळ्या नर असतात आणि जोडीतली मोठी पुढे मादी होते. लहान मासा मोठीसमोर आला की अंग थरथरवतो, अगदी थंडी वाजल्यासारखा, म्हणजे तू मोठी हे मान्य.

वरूडची_संत्री · 2 एप्रिल, सकाळी 10.45

फोटो टाका न ताई! माह्या पोरीले दाखवायचा आहे, थे रोज इचारते का मासा आला का म्हणून.

खारपाणातली · 25 मे, दुपारी 4.00

उन्हाळ्याचा हिशेब लिहून ठेवते, कारण विदर्भात कुणी हे करायला घेतलं तर त्याला पहिला प्रश्न हाच पडेल.

बाहेर 45.8, माजघर 33, टँक 26.2. अर्धा एचपीचा चिलर आहे, पण तो दिवसातून चार-पाच तासच चालतो. बाकीचं काम संपवर लावलेले दोन छोटे पंखे करतात. 600 लिटरमधून एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं की उरलेलं जवळपास एक अंशाने उतरतं. आपली हवा एप्रिल-मेमध्ये इतकी कोरडी असते की रोज नऊ-दहा लिटर उडतं. ठाण्याला हा पंखा एवढं काम करणार नाही. आपला उन्हाळा माणसाला भाजतो, पण या टँकला मदत करतो.

एक चूक मात्र झाली. पाहुणे आले म्हणून त्या खोलीत तट्ट्याचा कूलर लावला. कूलरने हवा ओली केली, पंख्यांनी वाफ काढणं थांबवलं, चिलर दिवसभर धावला आणि टँक 27.8 वर गेला. कूलर शेजारच्या खोलीत नेला, रात्रीपर्यंत परत 26.

उडालेल्या पाण्याच्या जागी कोरंच पाणी घालायचं, खारं नाही. मीठ उडत नाही, ते मागेच राहतं. तरंगत्या बॉलचा सेन्सर आणि छोटा पंप हे काम करतो. साठवलेल्या 4,000 लिटरपैकी आता 1,900 उरलंय, पावसापर्यंत पुरेल.

18 तारखेला वादळात वीज गेली, 11 तास. सायफन तोडायला रिटर्नच्या पाइपला पाण्याच्या पातळीशी भोक ठेवलं होतं, त्यामुळे संपमध्ये उतरायचं तेवढंच पाणी उतरलं, फरशीवर थेंब नाही. बॅटरी पुरली. पहाटे चारपर्यंत पाणी 27.5 झालं तेव्हा फ्रिजरमधल्या गोठवलेल्या बाटल्या संपमध्ये सोडल्या, एका वेळी एकच. दीर, जाऊ, सून सगळे जागे होते. जाऊबाईंनी पहाटे साडेचारला चहा केला.

वायरमन_यवतमाळ · 25 मे, सायंकाळी 5.30

बिल किती आलं ते सांगा.

खारपाणातली · 25 मे, सायंकाळी 5.50

टँकच्या लाइनला वेगळा मीटर लावलाय. मार्चमध्ये रोजचे साडेसहा युनिट, मेमध्ये दहा. जूनमध्ये सोलर बसतंय.

खारपाणातली · 29 ऑगस्ट, रात्री 10.30

वाईट बातमी आहे.

जुलैत चार क्लीनर कोळंब्या आणल्या होत्या. लाल पाठीवर पांढरा पट्टा, लांब पांढऱ्या मिशा. माशाच्या अंगावर चढून त्याची त्वचा साफ करायच्या, आणि मी बोट पाण्यात घातलं की नखाच्या कडाही.

आज दुपारी मी दवाखान्यात गेले होते. दीर शेतातून आले, कपाशीवर सायपरमेथ्रिन मारून. हात साबणाने दोनदा धुतले होते. संपमधला फिल्टरचा मोजा भरून वर पाणी येतंय असं दिसलं म्हणून त्यांनी चांगल्या मनाने तो काढून पिळून परत लावला.

मी आले तेव्हा एक कोळंबी वाळूवर उताणी, पाय थरथरत होते. दुसरी काचेवर आदळत सुटली होती, मग तीही पडली. वीस मिनिटांत चारही गेल्या. मासे वर येऊन तोंड उघडत होते. तयार ठेवलेलं 200 लिटर पाणी लगेच बदललं, अर्धा किलो कार्बन (विष शोषणारा कोळसा) संपमध्ये टाकला, रात्री आठला परत 150 लिटर. मासे आता तळाशी शांत आहेत.

दीर जेवले नाहीत. त्यांची चूक नाही, सांगायचं माझ्याकडून राहिलं. वरूडच्या भाऊंनी बादलीबद्दल पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि हात हीसुद्धा बादलीच आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही.

वरूडची_संत्री · 29 ऑगस्ट, रात्री 10.50

ताई, लय वाईट वाटलं. भाऊले म्हणा जेवून घ्या. औषध कातडीत मुरते, साबणानं पुरं जात नाही, मीबी फवारून आलो का दोन दिवस पोरीले उचलत नाही.

रीफ_ठाणे · 29 ऑगस्ट, रात्री 11.15

जे केलंत ते अगदी बरोबर केलंत. कार्बन तीन दिवसांनी नवीन टाका. महिनाभर कोळंबी, खेकडा, काही आणू नका. त्या खोलीत डासांची कॉइल किंवा लिक्विडही नको, त्यातही त्याच जातीचं औषध असतं. आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे टँकशेजारी खिळ्याला टांगून ठेवा, घरातल्या प्रत्येकासाठी.

खारपाणातली · 30 ऑगस्ट, सकाळी 7.00

दीरांनीच खिळा ठोकला. हातमोजे मूर्तिजापूरहून आणायला तेच निघालेत.

खारपाणातली · 19 ऑक्टोबर, रात्री 9.40

दोन्ही टाक्या परत भरल्या, तिसरी घेतली. टीडीएस 16. मासे सगळे ठीक. दगडांवर गुलाबी-जांभळे ठिपके येऊ लागलेत, चुना धरणारं कोरलाइन शैवाल. सिमेंटचा करडा रंग अर्धा झाकला गेलाय. कॅल्शियम 420, अल्कलिनिटी (पाण्याचा पीएच टिकवणारी ताकद) 8.4.

पाच दिवसांपूर्वी सकाळी मोठी क्लाउन मला काचेजवळ येऊ देईना, बोटावर धावून येत होती. टॉर्च लावून पाहिलं तर कोपऱ्यातल्या दगडाच्या पोटाला नारिंगी ठिपक्यांचा रुपयाएवढा गालिचा. अंडी! लहान नर रात्रंदिवस तिथेच असतो, पंखांनी वारा घालतो, तोंडाने एकेक अंडं चाचपतो, एखादं पांढरं पडलं की काढून टाकतो. आज ती अंडी करडी झालीत आणि भिंगातून पाहिलं तर प्रत्येकात दोन चंदेरी डोळे दिसतात.

मालवणची_डुबकी · 19 ऑक्टोबर, रात्री 9.52

डोळे चंदेरी झाले म्हणजे दोन-तीन रात्रींत फुटणार. दिवे गेल्यावर तास-दोन तासांत फुटतात. पिल्लं वाचवायची असतील तर त्यांना खायला रोटिफर, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव लागतील, आणि लाटांचे पंप त्या वेळी बंद.

खारपाणातली · 19 ऑक्टोबर, रात्री 10.05

रोटिफरचं कल्चर नाही माझ्याकडे. या खेपेला वाचणार नाहीत, ते कळतंय. पुढच्या खेपेची तयारी उद्यापासून. कुणाकडे कल्चरची बाटली असेल तर पैसे देऊन घेईन, बडनेऱ्याला कुणीही गाडीवर जाईल.

रीफ_ठाणे · 19 ऑक्टोबर, रात्री 10.20

माझ्याकडे आहे. शनिवारच्या अमरावती एक्स्प्रेसला देतो. पैसे नकोत. बाटलीचं झाकण घट्ट लावणार नाही, हवा लागते, उभीच धरायला सांगा.